हिरव्या पाकिटाखालचं बटण

आमच्या शिन्चू शहरातल्या देवळाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. गुरू पेंगच्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या पडद्यावर शेजारच्या सूचिन वहिनींच्या रक्ताचा थेंब झळकत होता. त्यात काळे ठिपके! मंतरलेल्या कागदाची राख घातलेलं पाणी वहिनी घटाघटा प्यायल्या. पेंगनं त्यांचं बोट टोचून दुसरा थेंब नव्या काचेवर घेतला. ठिपके गायब!

"गाठीची पिल्लं पळाली!" पेंग गरजला. "आता कापाकापी कशाला?"

"भाऊजी, मंगळवारचं गाठीचं ऑपरेशन रद्दच करते," मला म्हणत वहिनींनी फोन काढला.

मी जन्मभर प्रयोगशाळेत प्रकाश वाहून नेणाऱ्या काचतंतूंची टोकं घासली. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय माझंच चुकत असलं तर? पण वहिनी नंबर शोधू लागल्या होत्या.

"महाराज," मी चाचरलो, "पहिली काच परत लावता? त्या रक्तानं कुठं पाणी प्यायलंय?"

"लाव की रे बाबा!" गर्दीतली नूडलवाली ओरडली.

पेंगनं लावली. तीही स्वच्छ!

"बघा, माझा आशीर्वाद जुन्या रक्तालाही लागतो!"

लोकांनी हात जोडले. यंत्रावर मक्याच्या पोंग्यांचं हिरवं पाकीट होतं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतात. हलवलं तर यंत्र रुसतं म्हणे. गर्दीत निम्मे चिप कारखान्यातले इंजिनिअर, पण हात लावायची कुणाची छाती नव्हती. मीही तीस वर्षं ठेवत आलो होतो.

मी ते उचललं.

"म्हाताऱ्या, कोप होईल!" पेंग ओरडला.

"होऊ दे. माझ्यावर होऊ दे."

खाली बटण होतं. दाबलं, ठिपके आले. पुन्हा दाबलं, गेले.

"साध्या सूक्ष्मदर्शकात भिंग सरकवत एकेक थर बघावा लागतो," मी म्हणालो. माझा आवाज कापत होता, तरी थांबलो नाही. "इथं प्रकाश अनेक काचतंतूंत वाटलेला असतो. प्रत्येक तंतू वेगळ्या खोलीवर बघतो, म्हणून अख्खा थेंब तळापासून माथ्यापर्यंत एका क्षणात दिसतो. काचांच्या तळाला यानं आधीच राख फासली, तेच हे काळे ठिपके; मग पाकिटावरूनच बटण दाबून खालचे तंतू बंद केले, की ते गायब. यंत्र खरं तेच बोलत होतं, यानं त्याचं तोंड दाबलं."

"म्हणजे मी प्यायले ते?"

"नुसती राख, वहिनी."

वहिनी पेंगसमोर उभ्या राहिल्या. "मंगळवारी ये दवाखान्यात. कापाकापी काय असते ते बघ, मेल्या!"

लोकहो, माझंही डोळे मिटून ऐकू नका, तपासा. आणि जो तपासू देत नाही, त्याच्यापुढे मान वाकवू नका.