दाराला चिकटवलेला आदेश

कुलगुरूबाईंनी फायलीची नाडी सोडली. भाषांतर विभाग बंद करण्याचा आदेश तयार होता. यंत्र आता चुटकीसरशी भाषांतर करत होतं, विद्यार्थी उरले होते अकरा. समितीचा ठरावही झाला होता. राहिली होती फक्त सही.

पण खिडकीतून पलीकडचा व्हरांडा दिसला आणि त्यांचं पेन थबकलं. बंद दारापुढे नकाशाशास्त्राचे सर उभे होते. पाठ वाकलेली, काखेत कागदाची गुंडाळी. बाईंनी डोळे मिटून उघडले. कोणी नव्हतं. कसं असेल? सर जाऊन तीन वर्षं झाली होती!

त्याच्या वर्षभर आधी त्यांचा विभाग बंद झाला होता. हातानं नकाशे काढणं कालबाह्य झालं होतं, हे खरंच. पण एकतीस वर्षं शिकवणाऱ्या सरांना ते कोणी सांगितलंच नाही. एका सकाळी किल्ली फिरेना, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. दाराला बाईंच्या सहीचा आदेश चिकटवलेला होता. पुढे कित्येक महिने सर रोज वेळेवर येत, दारापुढे उभे राहत आणि परत जात. बाई त्यांना टाळून दुसऱ्या वाटेनं जात. मग सरांनी अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत.

आवक-जावक सांभाळणाऱ्या आक्का आत आल्या. फाईल पाहून म्हणाल्या, "मॅडम, मागचा आदेशही मीच पाठवला होता. अजून झोप लागत नाही."

"मग काय करू, आक्का? जग बदललं. मी थांबवू?"

"थांबवू नका. माझा टाइपरायटर गेला, तेव्हा आधीचे साहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले होते. 'कॉम्प्युटर शिकायला किती दिवस लागतील?' म्हणाले. मी रडले, त्यांच्याशी भांडले, पण शिकले. सरांशी कोण बोललं होतं?"

बाईंनी सही न करताच फाईल मिटली. त्या उठल्या आणि तडक भाषांतर विभागात गेल्या.

"विभाग असाच राहणार नाही," त्यांनी शिक्षकांना सांगितलं. "पण पुढचं तुमच्याशिवाय ठरणार नाही."

चांगलीच खडाजंगी झाली. मग एक शिक्षिका म्हणाली, "परवा दवाखान्याच्या पत्रकात यंत्रानं 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' करून ठेवलं. आम्ही होतो म्हणून सापडलं!"

त्यातूनच यंत्राचं भाषांतर तपासायचा नवा अभ्यासक्रम उभा राहिला. दोघं शिक्षक मात्र चिडून सोडून गेले. सगळेच सावरले, असं झालं नाही.

नंतर बाई सरांच्या घरी गेल्या. दारातच हात जोडून म्हणाल्या, "माझं चुकलं."

सरांच्या पत्नीनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे त्यांना ऐकायचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

वाचकहो, बदल कोणाला चुकत नाही. पण खुर्चीवर बसणाऱ्यानं तो कागदाच्या हाती धाडू नये, स्वतः जाऊन सांगावा आणि समोरच्याचंही ऐकावं. माणूस आहे तोवरच. नंतर मागितलेली माफी फक्त आपल्यालाच ऐकू येते.