काळ्या तोंडाचा तुडतुडा

"सूनबाई करते तरी काय?" असं कोणी विचारलं की गोटीरामअण्णा आधी खाकरायचे. "तुडतुडे ओळखती," असं म्हणायचे आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढायचे. गंगापूर रोडवरच्या संशोधन केंद्रात बसून तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान किड्यांची तोंडं बघायची आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा, हे त्यांच्या गळी काही उतरत नव्हतं.

खरं सांगायचं तर शुभांगीच्याही गळी ते पूर्ण उतरलं नव्हतं. काम ऐकायला सरळ होतं. नाशिक जिल्ह्यातले तुडतुडे जातवार लावायचे. सुरगाण्याच्या डोंगरात कोणते, बागलाणात कोणते, नदीकाठच्या मळ्यात कोणते. कोण आंब्यावर राहतो, कोण बाभळीवर, कोण उंबरावर. कोणाच्या पाठीवरच्या त्रिकोणात दोन ठिपके, कोणाच्या तीन. पुस्तकात हे किडे फार शहाण्यासारखे वागतात. झाडावर मात्र आंब्याचा म्हणावा तो चिंचेवर सापडतो, तीन ठिपक्यांच्या जातीतला एखादा अडीच ठिपके घेऊन येतो, आणि संध्याकाळी इंदिरानगरला घरी परतताना शुभांगीला वाटतं की आपल्याला सकाळी जेवढं कळत होतं तेवढंही आता कळत नाही.

अण्णांचा मळा मखमलाबादच्या पुढे. बांधाच्या अलीकडे त्यांची केशर आंब्याची बाग. पलीकडे त्यांच्या धाकट्या भावाची, फकिराची जमीन. फकिरा वारल्यापासून त्याची बायको कुसाबाई तिथे एकटीच मेथी, कोथिंबीर आणि शेवंती पिकवायची. बांधाला लागून तिच्या हद्दीत एक जांभूळ होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. फकिरानं ते लहानपणी लावलेलं. आंब्याला मोहोर आला की अण्णांच्या बागेत तुडतुड्यांचा थवा उठायचा, मोहोर चिकट व्हायचा, काळा पडायचा आणि गळायचा. ही सगळी पैदास त्या जांभळातून येते, असं अण्णांचं ठाम मत होतं.

आता त्या घराची रीत अशी, की भाया, म्हणजे थोरला दीर, आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. पण भांडण तर करायचंच. मग अण्णा आपल्या आंब्याकडे तोंड करून ओरडायचे, "बाबा आंब्या, तुझा मोहोर वाचवायचा तर ते जांभूळ तोडावं लागंल, सांग त्या बाईला!" कुसाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि खुरपं न थांबवता कोथिंबिरीला सांगायची, "ऐकलं का गं? नाचता येईना अन् अंगण वाकडं! म्हणं, माझ्या मालकानं लावलेलं झाड तोडा!" आंबा गप्प, कोथिंबीर गप्प. असं दरसाल, माघ लागला की सुरू. शुभांगीला पहिल्या वर्षी भीती वाटली, दुसऱ्या वर्षी हसू आलं. पुढे पुढे तर हे दोघं भांडतात की भांडणाच्या निमित्तानं एकमेकांची विचारपूस करतात, हेच तिला उमजेना.

एका रविवारी ती आणि रोहित मळ्यात गेले होते. रोहित म्हणजे अण्णांचा मुलगा, अंबडच्या कारखान्यात नोकरीला. जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "शुभांगे, सरकार तुला फुकट पगार देतं का? एवढा आमचा निकाल लाव. जांभळातला तुडतुडा अन् आंब्यातला तुडतुडा एकच हाय का नाय, सांग एकदा."

नाही म्हणता आलं असतं. पण सासऱ्यांनी पहिल्यांदाच तिच्या कामाचं नाव घेऊन काही विचारलं होतं, आणि मनुष्य इथेच घसरतो. तिनं पांढरी छत्री उलटी धरली, रोहितनं जांभळाच्या फांदीवर काठी मारली. छत्रीत टपटप किडे पडले. भिंगातून बघितलं तर दोन तऱ्हा: काही काळ्या तोंडाचे, काही फिक्या तोंडाचे. मग बांधाजवळच्या आंब्यावर काठी मारली. तिथे आंब्याचे नेहमीचे ठिपकेवाले पडले, आणि त्यांच्यात चारदोन काळ्या तोंडाचेही.

"काळतोंड्या दोन्हीकडे सापडतोय, अण्णा," ती म्हणाली. "बहुतेक तो राहतो जांभळावर आणि मोहोराच्या वेळी आंब्यावर येतो."

प्रयोगशाळेत या 'बहुतेक'ला फार मान असतो. बांधावर त्याला कोण विचारतो? अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघ आंब्या! मी काय म्हणत होतो?"

बांधापलीकडे खुरप्याचा आवाज थांबला. कुसाबाई खुरपं हातात धरून उभी होती आणि जांभळाकडे बघत होती. त्या दिवशी ती कोथिंबिरीशी काहीच बोलली नाही. शुभांगीनं स्वतःला समजावलं, की आपण जे दिसलं ते सांगितलं.

पुढचे दिवस मात्र तिचं डोकं भंजाळून गेलं. त्या काळतोंड्याला कुठल्या जातीत घालावं, हेच कळेना. आंब्यावरच्या एकाही जातीशी तो जुळेना. त्याच्या पाठीवर ठिपकेच नव्हते. आणि जांभळावरचा तो दुसरा, फिक्या तोंडाचा, त्याच्याशी मात्र तो नको तितका जुळत होता. पंख तेच, शिरा त्याच, डोक्याची ठेवण तीच. फरक फक्त तोंडाच्या रंगात. एकदा तिला वाटलं, दोन्ही नव्याच जाती असाव्यात. दुपारी वाटलं, एकही नवी नसावी. चहा पिऊन आल्यावर वाटलं, आपण कॉमर्सला जायला हवं होतं.

शेवटी तिचे मार्गदर्शक वाल्मीक सर तिच्या टेबलाशी आले. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि विचारलं, "पोटाचं टोक उघडून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. तुडतुड्यांच्या कामात हे म्हणजे मुलगा की मुलगी न विचारता बारशाला नाव ठेवण्यासारखं. तिनं सुई घेतली आणि एकेक किडा उघडायला लागली. काळ्या तोंडाचा नर निघाला. दुसराही नर. जेवढे काळे तेवढे सगळे नर. फिक्या तोंडाच्या सगळ्या माद्या, अंडी घालायच्या सुईसकट.

"नवराबायकोच्या दोन जाती केल्यास की गं!" सर हसत सुटले. "नर उनाड असतात. शेजारच्या झाडावर जाऊन बसतात, म्हणून ते झाड त्यांचं होत नाही. पिल्लं कुठे दिसली? पिल्लांना उडता येत नाही. जिथे पिल्लं, तिथे त्यांचं घर. आंब्यावर होती यांची पिल्लं?"

पिल्लं तिनं बघितलीच नव्हती. बाप्ये गावभर हिंडतात आणि बाया घर सांभाळतात, हे कळायला खरं तर मायक्रोस्कोपही लागत नाही. जांभळावर एकच जात होती, ती जांभळाचीच होती, आणि अण्णांच्या मोहोराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मोहोर जाळणारे अण्णांच्या स्वतःच्या आंब्याच्या सालीत वर्षभर दडून बसत होते. सर हसत होते, शुभांगीला मात्र बांधावर मुकी उभी राहिलेली कुसाबाई दिसत होती.

तिनं अण्णांना फोन लावला, ते उचलेनात. रोहित कामावर असताना फोन कपाटात ठेवायचा. मग ती स्कूटर काढून सरळ मळ्याकडे निघाली.

बांधाच्या दिशेला आभाळ भलतंच मोकळं दिसत होतं. जवळ गेल्यावर लाकडाचा ओला वास आला. जांभूळ आडवं पडलं होतं, आणि गावातला कटरवाला केरू फांद्या तोडून ढीग लावत होता. अण्णा बांधावर उकिडवे बसले होते.

"अण्णा, हे काय केलंत?" ती ओरडली.

"मी केलं?" अण्णा तिच्यावरच उसळले. "तिनं तोडलं! सकाळी कटरचा आवाज आला म्हणून मी पळत आलो, तर निम्मा बुंधा कापलेला. मी दरसाल म्हणतो तोड, ती दरसाल म्हणती नाय तोडत. मी काय खरंच तोडायला सांगत होतो का? फकिराच्या हातचं झाड ते. तुला कोणी सांगितलं होतं निकाल द्यायला?"

"तुम्हीच," असं शुभांगीच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती बांध ओलांडून पलीकडे गेली. कुसाबाई वाळलेल्या काटक्या गोळा करत होती. रडून झालेलं होतं. डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"ये पोरी. चहा ठेवू?"

"काकू, झाड का तोडलंत?"

"तूच बोल्लीस ना. मला वाटायचं, भायाचं काय ऐकायचं, ते उगं बोलतेत. पण तू शिकलेली. तू बोल्लीस तवा मला लाज वाटली गं. एवढी सालं त्यांचा मोहोर माझ्या झाडानं जाळला, अन् मी वर तोंड करून भांडत बसले."

"माझं चुकलं, काकू. झाडाचा दोष नव्हता." शुभांगीनं सगळं सांगितलं, काळ्या तोंडाचे नर, फिक्या माद्या, सगळं.

कुसाबाईनं मन लावून ऐकलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लय गुणाची हायेस. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतीस व्हय?"

"नाही हो काकू! खरंच चुकलं!"

तेव्हा अण्णा उठले आणि बांधावरून थेट कुसाबाईकडे बघून बोलले. आंब्याला नाही, तिला. "कुसा, पोर खरं सांगती. तुझ्या झाडात काय खोट नव्हती."

केरूचा कटर थांबला. कुसाबाईनं घाईघाईनं पदर कपाळावर ओढला, आणि तो चेहरा बघून शुभांगीला कळलं की आता तर तिला मुळीच पटणार नाही. भाया रीत मोडून बोलला, म्हणजे आपली किती कीव आली असेल त्याला, असंच तिला वाटणार.

शुभांगीनं पडलेल्या फांदीची एक डहाळी ओढली आणि कोवळं पान उलटं केलं. खाली पिल्लं होती. बिनपंखाची, कडेकडेनं तिरकी पळणारी, पानागणिक भरलेली. याच झाडाच्या घरची पिल्लं. याहून मोठा पुरावा जगात नव्हता.

"हे बघा काकू! ही बघा यांची पिल्लं. इथेच जन्मतात, इथेच वाढतात."

कुसाबाईनं पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, सकाळपासून पहिल्यांदाच.

"अगं बया, केवढी ही! म्हंजे माझ्याच झाडात पैदास होती की. मी उगं मनाला खात होते, का तोडलं म्हणून." तिनं पान परत शुभांगीच्या हातात दिलं आणि बांधाकडे पाठ करून, हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना सांग, मला काय वाईट वाटत नाय. आता त्यांचा मोहोर राहील म्हणावं."

शुभांगी अण्णांकडे वळली. पण अण्णांनी सगळं ऐकलंच होतं; राहू दे, असं त्यांनी हातानंच खुणावलं.