बायलाचा ठेका

खालच्या फ्लॅटमधल्या कुसुमाअक्का सिंहली. मी कामावर गेले की माझ्या लेकीला, अन्वीला, त्याच सांभाळायच्या. दीड वर्षाची झाली तरी अन्वी बोलेना, हाकेला वळेना. बाळांना बघायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरने कान तपासायची अपॉइंटमेंट दिली, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला. अनुपला, माझ्या नवऱ्याला, त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"अगं, अक्कांकडे गाणं लागलं की नाचते ती. ऐकू येत नसतं तर नाचली असती का?"

नाचायची हे खरं. मी त्यावरच तग धरून होते. अक्का स्वयंपाक करताना बायला, म्हणजे त्यांच्याकडची नाचाची गाणी, लावायच्या आणि लाकडी जमिनीवर टाचेने ठेका धरायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या वसईच्या ख्रिस्ती लग्नांतला बँड आठवला. अक्का म्हणाल्या, आठवणारच, पोर्तुगीज तुमच्याकडेही आले नि आमच्याकडेही. त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. त्या माणसांची गाणी लंकेत राहिली, त्यांतूनच हा बायला झाला. आता त्याच्याशिवाय आमचं लग्न लागत नाही, म्हणून हसल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्यांची सीडी घरी आणून लावली. आवाज वाढवला, आणखी वाढवला. अन्वी कार्पेटवर माझ्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती. ढिम्म.

दमली असेल, असं स्वतःला सांगितलं. पण राहवेना. तिला कडेवर घेऊन, सीडी उचलून खाली गेले. अक्कांना म्हटलं, गाणं लावा, फक्त जागच्या हलू नका. त्यांनी माझ्या हातून सीडी घेतली. खिडकीतल्या प्लेअरमध्ये घातली.

गाणं सुरू झालं. अन्वी खाली बसून अक्कांच्या पळीशी खेळत होती, ती खेळतच राहिली. एक कडवं संपलं, दुसरं लागलं.

"आता ठेका धरा, अक्का."

अक्कांनी टाच आपटली. अन्वीने तळवा जमिनीला टेकवला, मान वर करून त्यांच्या पायाकडे बघितलं, हसली. उठून डोलायला लागली.

मी गाणं बंद केलं. ती नाचतच होती. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला, पण पाय थांबवला नाही.

तिथूनच मी अनुपला फोन लावला. उद्या सुट्टी काढ, म्हटलं. तो का, का विचारत राहिला. ती गाण्यावर नाही, जमिनीच्या हादऱ्यावर नाचते, हे मला फोनवर सांगता आलं नाही.