जेबेझ थर्टलची दुमडती बंदूक

हॅडल्शम गावाच्या सभागृहात चर्चच्या छपरासाठी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. मर्सी थर्टल तिथे फक्त चहा ओतायला गेली होती. लोणी घुसळायच्या रव्या, घोड्यांची खोगिरं, माणसं पकडायचा लोखंडी सापळा, सगळं पाहून झालं आणि शेवटच्या टेबलापाशी तिचे पाय थबकले.

टेबलावर एक बारकी, एकनळी बंदूक होती. बिजागरीवर नळी मोडून दस्त्याला टेकवली की पुरती कोटाच्या अस्तरात मावेल अशी. शेजारी सुबक अक्षरात चिठ्ठी होती: ‘चोरट्या शिकाऱ्याची बंदूक. जेबेझ थर्टल, १९१३.’

मर्सीने किटली खाली ठेवली. सत्तावन्न वर्षांची बाई, गावची टपालकचेरी एकटीने चालवणारी. तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती.

“क्लिफर्ड! ही चिठ्ठी उचल.”

क्लिफर्ड लारवूड प्रदर्शनाचा प्रमुख होता. त्याचा बाप जहागिरीच्या रानाचा मुख्य राखणदार, म्हणजे मर्सीच्या बापाचा जन्माचा वैरी.

“का गं? खोटं आहे का त्यात काही? तुझा बाप काय त्या बंदुकीने चिमण्या हाकलायचा?”

दोघंतिघं हसले.

“तो आमच्या पोटासाठी ससे मारायचा. तुझा बाप चोर. आम्ही प्रार्थनेला गेलो होतो तेव्हा डुकरांच्या गोठ्यात शिरून त्याने ही पळवली. घरभेद्या होता म्हणून जमलं, नाहीतर सात जन्मांत सापडली नसती!”

क्लिफर्डचा चेहरा लाल झाला. “जरा मागे ये,” तो म्हणाला.

मागच्या खोलीत, कपबशांच्या ढिगाऱ्याशेजारी, त्याने बापाची रोजची वही उघडून तिच्यापुढे आपटली. “चारचौघांत वाचणार नव्हतो. पण माझ्या मेलेल्या बापाला चोर म्हणतेस? वाच.”

पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘केझिया थर्टल धुण्याच्या टोपलीत चादरींखाली बंदूक घेऊन आली. नवऱ्यावर खटला करणार नाही, असा शब्द मागितला. दिला.’

केझिया म्हणजे मर्सीची आई. राखणदाराच्या घरचं धुणं तीच धुवायची. त्या हिवाळ्यात रानात कुणीतरी एका राखणदाराच्या मांडीत छर्रे घातले होते आणि पोलीस घरोघर बंदुका हुडकत होते.

“माझ्या बापाने शब्द पाळला,” क्लिफर्ड म्हणाला. “बंदूक कपाटात कुलूपबंद, आणि तुझा बाप तुरुंगाबाहेर. उपकार मान.”

“तुझे उपकार घाल चुलीत,” मर्सी म्हणाली. पण आवाज तिचा राहिला नव्हता.

कारण गोठ्यात दगडी कुंडीखाली बंदूक असते हे जेबेझशिवाय त्याच्या धाकट्या भावाला, ओबेडलाच ठाऊक होतं, असं सगळे समजून होते. बंदूक गेली तशी जेबेझने ओबेडला भर रस्त्यात गाठलं आणि जबडा मोडला. ज्या मुलीशी ओबेडचं लग्न ठरलं होतं तिने नकार कळवला. गुत्त्यात तो शिरला की लोक पाठ फिरवत. नऊ वर्षांची मर्सी त्याच्या बुटांवर थुंकली होती. अजूनही दर गुरुवारी ती त्याच्या पेन्शनच्या पुस्तकावर शिक्का मारून ते न बोलता सरकवायची.

ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरात ओबेड थर्टल राहायचा. मर्सी गेली तेव्हा तो बटाटे काढत होता. त्र्याऐंशीचा, जबडा एका बाजूला कललेला.

“ओबेडकाका.”

“टपालकचेरी बंद झाली वाटतं,” तो मान वर न करता म्हणाला. “नाहीतर तुझे पाय इकडे कशाला वळतील?”

“बंदूक आईने दिली होती. मला आज कळलं.”

फावडं थांबलं. “मला आठच दिवसांत कळलं होतं. तीच आली होती, रात्रभर रडून डोळे सुजवून. जेबेझला सांगते म्हणाली. मीच नको म्हटलं.”

“का पण? तुम्ही बोलला असता तर…”

“तर काय? माझा जबडा मोडून झाला होता. आता तिचा मोडून घ्यायचा? तुझ्या बापाचा हात कसा चालायचा, तुला मी सांगायला हवं?”

मर्सीला ते सांगायला नको होतं. ती वाफ्याच्या कडेला उभी राहिली. “मला माफ करा, काका. मी तेव्हा लहान होते.”

“तेव्हाचं मी कधीच सोडून दिलं. नऊ वर्षांच्या पोरीवर कोण राग धरतो? पण त्यानंतर तू मोठी झालीस, मर्सी. एकोणचाळीस वर्षं चांगली शहाणी बाई होतीस. एकदा तरी विचारलंस, की काका, खरं काय? जा आता. आणि हे कुणाला सांगू नकोस.”

ती गेली, पण तिला राहवेना. आयुष्यभर आपण एका निरपराध माणसाला वाळीत टाकलं, आणि गप्प बसायचं? उजाडताच तिने सभागृहाची किल्ली मागून घेतली. क्लिफर्डची चिठ्ठी फाडली आणि टपालकचेरीतल्या जाड कागदावर स्वतः लिहिलं: ‘ही बंदूक केझिया थर्टलने नवरा वाचवण्यासाठी राखणदाराला दिली. ओबेड थर्टल घरभेद्या नव्हता. गावाने त्याच्यावर अन्याय केला.’ खाली सही केली.

दुपारपर्यंत अर्धं गाव वाचून गेलं. बायका चहा पिता पिता म्हणाल्या, “सख्ख्या नवऱ्याला दगा दिला म्हणायचं! बघा बाई, वरून किती गरीब दिसायची.” मर्सीने ऐकलं.

संध्याकाळी तिच्या दारावर काठीने ठोठावलं. जबडा मोडल्यापासून ओबेड त्या दारात आला नव्हता. हातात तीच चिठ्ठी होती, चुरगाळलेली.

“तुला सांगितलं होतं, गप्प राहा म्हणून.”

“तुमचं नाव धुऊन काढायचं होतं हो मला.”

“माझं नाव!” तो खेकसला, आणि वाकड्या तोंडातून शब्द नीट फुटेनात. “माझ्या नावाचं काय लोणचं घालू आता? ज्यांच्यापुढे ते धुवायचं ते सगळे चर्चच्या भिंतीपलीकडे पुरलेत. तिच्यासाठी एक गोष्ट मी केली होती. आयुष्यात तेवढीच एक धड केली होती. ती तू बाजारात मांडलीस. कुणासाठी? माझ्यासाठी? खोटं बोलू नकोस. तुला रात्री झोप यावी म्हणून.”

मर्सीने दार पूर्ण उघडलं. ती बाजूला सरकली, “आत तरी या,” म्हणाली.

“तुझ्या बापाचं घर आहे ते,” ओबेड म्हणाला आणि वळला.

पुढच्या गुरुवारी तो टपालकचेरीत आला नाही. पेन्शन शेजारच्या गावातून घेतो, असं तिला पाववाल्याकडून कळलं. ते गाव तीन मैलांवर होतं. चालत जायचा.