विनीतच्या गाडीने धरलेला चोर

"गाडीला कसली रे सायबर सिक्युरिटी?" असं कुणी विचारलं की विनीत परब डोळे किंचित मिटून हसायचा. हल्लीची गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. ती फोनने उघडते, इंटरनेटवरून स्वतःचं सॉफ्टवेअर बदलते, आणि म्हणूनच घरबसल्या कुणीही ती पळवू शकतं. हे भाषण तो लग्न, बारसं, बाराव्याचं जेवण, काही न बघता द्यायचा. गाड्यांच्या कुलपाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोअर परळच्या कंपनीत आपण टीमचे प्रमुख आहोत, हे त्यात दोनदा यायचं.

त्या रविवारी बहिणीचा, रंजिताचा साखरपुडा होता. हॉल ठाकूरद्वारला, घर लालबागच्या चाळीत. नवी गाडी खाली उभी. विनीतने मागच्या डिकीत पेढे ठेवले, जावयाची अंगठी ठेवली, शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपची बॅगही. प्रमुखाला रविवार नसतो, असं आईला ऐकवून.

निघायचं सोडून तो गाडी दाखवत बसला. चाळ जमली होती, मोह आवरेना. वडिलांच्या, जयवंतरावांच्या फोनमध्ये त्याने गाडीचं अ‍ॅप घातलं, रंजिताच्याही. "हां, आता बंद करा. आता उघडा." गल्लीत नेटवर्कची बोंब. दाबलेलं लगेच पोचेना, म्हणून सगळे पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मग साठलेलं सगळं एकदमच पोचलं. गाडीने दिवे मिचकावले, आरसे मिटून घेतले, दारं कुलूपबंद केली आणि फोनवर अक्षरं उमटली : 'चोरीचा संशय. आपली गाडी सुरक्षित आहे.'

हे वाक्य विनीतनेच लिहिलं होतं. त्यातला 'आपली' हा शब्द त्याला विशेष आवडायचा.

"काय म्हणता ती?" जयवंतरावांनी विचारलं.

"संशय आलाय म्हणते."

"कोणाचो?"

"माझा."

जयवंतरावांनी गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "गाडी तुझीच मां? मगे तुझा आयकत कित्याक नाय?"

खरी किल्ली डिकीतल्या लॅपटॉपच्या बॅगेत होती. विनीतने ऑफिसला फोन लावला. ड्यूटीवर आकांक्षा होती, त्याच्याच टीममधली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"उघडता येईल," ती म्हणाली. "दोघांची मंजुरी लागते. एक माझी, मी देते. दुसरी टीमच्या प्रमुखाची."

"म्हणजे माझीच. दिली!"

"ऑफिसच्या लॅपटॉपवरून द्यावी लागेल."

विनीतने डिकीकडे पाहिलं. "फोनवरून?"

"ते तू बंद केलंस."

केलं होतं खरं. 'मालकच बाहेर अडकला तर?' असं तिने हा नियम ठरला त्या मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा 'एवढ्या वेंधळ्या मालकाने बैलगाडी घ्यावी,' असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं होतं. आकांक्षाने आत्ता त्याची आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"काहीतरी पळवाट असेल ना गं?"

"तू एकही ठेवलेली नाहीस. खरं सांगू? काम चोख झालंय." टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला. "आता ती आपोआप शांत होईपर्यंत थांबायचं. मात्र कुणी बटण दाबू नका, दर वेळी मुदत वाढते."

तो वळला. आई, मीनाक्षीबाई, नवऱ्याचा फोन घेऊन गाडीसमोर उभ्या होत्या.

"आई, दाबू नकोस!"

"नमस्कार करून दाबलं रे. चार-पाच वेळाच."

वरात टॅक्सीने निघाली. वाटेत विनीतने 'तांत्रिक अडचण' या शब्दांभोवती एक भारदस्त खुलासा रचला. रंजिता पैठणीचा पदर सांभाळत म्हणाली, "दादा, हॉलवर खरं काय ते सांग हां. त्या लोकांना वाटेल अंगठी केलीच नाही."

म्हणून वरपक्षाच्या भरल्या बैठकीत, होणाऱ्या जावयासमोर, सुशांतसमोर उभं राहून विनीतने सांगितलं, "मी गाड्यांची कुलपं करतो. माझ्या गाडीने मलाच चोर ठरवलंय, आणि तुमची अंगठी तिच्या पोटात आहे."

आधी सुशांतची आत्या हसायला लागली, आणि ते हसू गाद्यांवरून शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. विनीतही हसला. दुसरं काय करणार?

जयवंतरावांनी स्वतःची लग्नातली अंगठी साबण लावून काढली. ती सुशांतच्या फक्त करंगळीत गेली. समारंभ झाला. जेवणं झाल्यावर सुशांत हात पुढे करून म्हणाला, "बाबा, हीच ठेवू?"

जयवंतरावांनी त्याची करंगळी धरून अंगठी नीट सरकवली. "ठेव," ते म्हणाले. "तुका शोभता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा राग गेला. पेढ्यांना आंबूस वास येत होता. नवी अंगठी जयवंतरावांना सैल झाली. मीनाक्षीबाईंनी तिला मागून दोरा गुंडाळून दिला.

ऑफिसात विनीतने आपणहून नियम बदलायचा विषय काढला आणि सगळी हकिकत सांगितली, आईच्या नमस्कारासकट. लोक पोट धरून हसले. मग आकांक्षाने फळ्यावर तिची पद्धत मांडली : मालकाच्या फोनवर मंजुरी मागायची.

"आणि चोराने फोनच पळवला असेल तर?" विनीतने विचारलं. या वेळी कुणाला हसवायला नव्हे.

"अरे हो," असं म्हणून आकांक्षाने अर्धं पुसलं आणि डस्टर त्याच्या हातात दिलं. "बाकीचं तू पूस. आणि सांग, काय करायचं?"

त्याला ठाऊक नव्हतं. तसं तो म्हणालाही.