सुझानने रडायला हवं होतं

एम.ए.ला मानसशास्त्रात ‘संस्कृती आणि समाज’ हा विषय मी हौसेने घेतला. संस्कृती आणि समाज म्हणजे काय, हे कर्णिक सरांना अमेरिकेतल्या एका प्रयोगावरून आधीच ठाऊक होतं. तान्हं मूल अनोळखी माणसापाशी ठेवायचं, आईने बाहेर जाऊन दार लावायचं. मूल रडलं, तर त्याला आईचा लळा आहे. नाही रडलं, तर नाही. हाच प्रयोग माझ्या तान्ह्या सुझानवर करून तक्त्यावर सरांची सही झाली, तरच माझा प्रबंध पुढे सरकणार होता. नाहीतर शिक्षण संपलं. पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही, असं घरच्यांनी बजावलंच होतं.

अडचण एवढीच, की आमच्या पापडी गावात अनोळखी माणूस मिळेना. सुझान उठल्यापासून या कडेवरून त्या कडेवर. शेवटी सर स्वतःच आले, अनोळखी व्हायला.

तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. रड गं बाई, आईच्या डिग्रीसाठी तरी.

आमच्या आळीत दिवसा कुणाचं दार लागत नाही. समोरच्या सालोमी मावशी हातातली केळी टाकून आल्या.

“कोण आजारी आहे गो?”

“कोणी नाही, मावशी. सुझान रडते का बघतेय.”

“बाहेर उभी राहून? फर्डिनंडने काढलं काय तुला?”

“ते ऑफिसात आहेत. आत सर आहेत.”

“नवरा ऑफिसात, सर आत आणि तू बाहेर. हेच शिकवतात तिथे?”

तोवर अर्धी आळी जमली होती. मावशींनी दार ढकललं.

आत सुझान सरांचा चष्मा चघळत होती, अगदी मजेत.

“लळा नाही,” सर लिहिता लिहिता म्हणाले. “शिवाय या लोकांनी प्रयोग बिघडवला.”

“सर, या मावशी म्हणजे संस्कृती. मागे उभे आहेत तो समाज.”

सर हसले नाहीत. मावशींनी चष्मा सुझानच्या तोंडातून काढून पदराला पुसला. सुझानने जो टाहो फोडला, तो देवळापर्यंत गेला असेल.

“रडली,” सर म्हणाले आणि खूश होऊन सही केली. कशासाठी रडली, हा रकाना तक्त्यात नव्हता.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. “पोरीला घे आधी,” त्या हळूच म्हणाल्या. “ब्लाउज भिजलाय तुझा.”

दाराबाहेर उभी होते, तेव्हाच दुधाने भिजला होता. मी सुझानला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि भर दिवसा दार लावलं. कोणी काही विचारलं नाही.