पाचवा ठोका

रेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, एवाल्ड श्टाइनहोफ हे जर्मनीतल्या हाल्डेनरोडे गावच्या लॅटिन शाळेतलं बडं प्रस्थ. त्यांच्या वर्गात जुन्या लॅटिन कवितेची ओळ नुसती म्हणून भागत नसे. बाकावर बोटांची पेरं आपटून तिचा ताल धरावा लागे. लांब ठोका, आखूड ठोका, आणि एक जरी चुकला तरी पोरगं मेलंच म्हणून समजा.

बेकरीवाल्या ड्रेसेलबाईंचा युस्टुस शेवटच्या बाकावर बसायचा आणि दर ओळीत पाचव्या ठोक्याला पुढे पळायचा. "काय रे, भट्टीत पाव करपतोय का?" रेक्टर विचारत. अख्खा वर्ग खिदळे, युस्टुसही हसे, आणि पुढच्या ओळीत पुन्हा तेच.

मग फ्रान्सशी लढाई जुंपली. रेक्टरांनी सभागृहात असं काही भाषण ठोकलं, की वरच्या वर्गातली निम्मी मुलं दुसऱ्याच दिवशी सैन्यात गेली. त्यातले पाच जण परतले नाहीत. चौघं लढताना पडले. युस्टुस बंदूक टाकून पळाला आणि आपल्याच लोकांनी त्याला भिंतीशी उभं करून गोळी घातली.

आता सभागृहात या मुलांच्या नावाची शिळा बसायची होती. तिच्यावरचा लॅटिन मजकूर अर्थातच रेक्टरांकडे. नावं मात्र चारच.

ठोके सुरू झाले ते तेव्हापासून. भर सकाळी, वर्ग गच्च भरलेला, रेक्टर फळ्यावर ओळ लिहीत होते. मागून टक, टक-टक, आणि पाचव्याला घाई. ते गर्रकन वळले. शेवटचा बाक रिकामा होता.

"कोण वाजवतंय?"

"कोणी नाही, रेक्टरसाहेब," पुढचा मुलगा म्हणाला. मागे कुणीतरी 'म्हातारा चळला' अशी खूण केली.

तो बाक त्यांनी कोळशाच्या तळघरात टाकायला लावला. ठोके थांबले नाहीत. प्रार्थना चालू असताना यायचे, सूप पिताना यायचे. अहो, भूतबीत न मानणारा माणूस, पण सूप अर्धवट टाकून टेबलाखाली वाकून बघायचा!

त्यात एक दिवस ड्रेसेलबाई पिठाच्या हातांनी तशाच शाळेत आल्या.

"माझ्या पोराचं नाव का नाही?"

"बाई, तो पळाला."

"पळणारच! वर्गातही पळायचा, तुम्हीच म्हणायचात ना? मग कशाला पाठवलंत त्याला? जीव तळमळतोय हो त्याचा. नाव घाला, म्हणजे निजेल तरी."

तळमळतोय हे यांना कसं कळलं, असं विचारायची रेक्टरांना हिंमत झाली नाही.

नगराध्यक्षांनी स्पष्ट बजावलं, "पळपुट्याचं नाव आलं तर तुमची खुर्ची गेली." रेक्टर तरीही पाथरवटाकडे गेले आणि पाचवं नाव कोरून घेतलं.

शिळेवरचा पडदा सरला तेव्हा सभागृहातल्या साऱ्या माना पाचव्या नावाकडे वळल्या. नगराध्यक्ष लालबुंद. रेक्टरांनी खणखणीत आवाजात पाचही नावं वाचली. "युस्टुस ड्रेसेल" म्हणताच कानातली टकटक थांबली. खुर्ची गेली, पण त्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आनंदानं बेकरीत गेले. "बाई, ठोके थांबले! निजला तो."

कणीक मळणारे बाईंचे हात थबकले. "म्हणजे तुम्हालाही ऐकू यायचे?"

"तुम्हालाही?"

"या टेबलावर, रोज. मी बोलायचे त्याच्याशी. वाटलं, लेकराला त्रास होतोय, म्हणून नाव मागितलं." त्यांनी टेबलावर तळवा ठेवला. "कालपासून टेबल मुकं झालंय, साहेब. मी माझ्या हातानं घालवला त्याला."

बाईंनी टेबलावरचं पीठ हातानं सारलं.

"तुम्ही वाजवा. एकदाच. त्याच्यासारखं."

त्यांनी पेरं टेकवली आणि ओळ वाजवली. पाचवा ठोका अगदी जागच्या जागी पडला.

"असं नाही. तो घाई करायचा."

त्यांनी पुन्हा वाजवलं. जन्मभर घोटलेला हात, तो काही केल्या पुढे पळेना. रेक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "जमत नाही हो मला," ते म्हणाले.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

भट्टीत पाव करपल्याचा वास सुटला, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.